साहेबाचे ओटे : एका चुकीची दुरुस्ती आणि तीस वर्षांचे अंतर

(१)
वाचकहो, गेल्या वर्षी १८ ऑगस्टला याच मालिकेत मी विजयदुर्गावर लिहिले होते. १८६८ साली याच दिवशी नॉर्मन लॉकयर या इंग्रज शास्त्रज्ञाने विजयदुर्गावर उभे राहून खग्रास सूर्यग्रहण पाहिले आणि हेलियमचा शोध लावला, असे त्यातले मुख्य विधान होते. माझ्या लेखांपैकी सर्वाधिक वाचला गेला तो हाच. ते विधान चुकीचे आहे. आजचा धागा त्या चुकीची दुरुस्ती आहे. ती करताना जे हाती लागले ते मला मूळ कथेहून मोलाचे वाटते, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

(२)
ही कथा मी प्रथम ऐकली ती सातवीत. मालवणहून आमच्या शाळेची सहल विजयदुर्गाला गेली होती. वाघोटन खाडीच्या मुखाशी, पाण्यात घुसलेल्या खडकावर हा किल्ला उभा आहे. शिवाजी महाराजांनी १६५३ मध्ये तो घेतला आणि पुढे आंग्र्यांचे आरमार इथेच नांदले. तट, बुरूज, पडके वाडे पाहून झाल्यावर गुरुजींनी आम्हांला किल्ल्यातल्या काही साध्या, ओबडधोबड ओट्यांपाशी उभे केले. त्यांना 'साहेबाचे ओटे' म्हणतात. गुरुजी म्हणाले, "हंयसर उभो ऱ्हवान सायबान हेलियम सोदल्यान. सगळ्या जगात पयल्यांदा. आमच्या हंय!" त्या 'आमच्या हंय'चा अभिमान मी पुढे वीस वर्षे बाळगला.

(३)
कॉलेजसाठी मी पणजीला गेलो. तिथे 'असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ अ‍ॅस्ट्रॉनॉमी' ही हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था आहे. सनदी सेवेत आयुष्य काढलेले आणि गोव्याच्या वारशाचे अभ्यासक पर्सिव्हल नोरोन्हा यांच्या पुढाकाराने ती १९८२ मध्ये उभी राहिली. शहराच्या मध्यावर, जुंता हाऊस या सरकारी इमारतीच्या गच्चीवर, या संस्थेने सर्वांसाठी खुली वेधशाळा चालवली. पावसाळा सरला की संध्याकाळी जिना चढून कोणीही वर जावे आणि दुर्बिणीला डोळा लावावा. वर पगारी शास्त्रज्ञ कोणी नसे. दिवसा बँकेत, शाळेत, दुकानात काम करणारी माणसे रात्री तिथे उभी राहत आणि अनोळखी माणसांना शनीची कडी दाखवत.

(४)
मीही शनी पाहिला तो तिथेच. पुस्तकातल्या चित्राएवढा मोठा तो दिसत नाही. तांदळाच्या दाण्याएवढा, पण कडीसकट दिसतो आणि छातीत काहीतरी हलते. भारावून मी दुर्बिणीपाशी उभ्या असलेल्या काकांना म्हणालो, "हेलियम आमच्या विजयदुर्गात सापडला, ठाऊक आहे ना?" ते हसले. त्यांच्या हातात एक वही होती. काय पाहिले, किती वाजता, आकाश कसे होते, दुर्बीण कोणती, हे सारे ते त्यात टिपत. वहीवर बोट ठेवून ते म्हणाले, "कोणी पाहिला, कुठल्या दिवशी, नोंद कोणाची? तेवढे बघून ये, मग मला सांग." मी होकार दिला आणि विसरून गेलो.

(५)
गेल्या वर्षीच्या लेखाखाली एका वाचकाने हाच प्रश्न विचारला. शाळकरी वयाचा मुलगा असावा. त्याने लिहिले होते, "दादा, लॉकयर तेव्हा भारतात होता याला पुरावा कोणता?" मी त्याला तुटक उत्तर दिले : तिथे ओटे आहेत, जाऊन पाहा. त्यावर पुष्कळांनी टाळ्या दिल्या. रात्री मात्र मला गच्चीवरची ती वही आठवली. ओटे आहेत ही गोष्ट ओट्यांची साक्ष देते; त्यांवर कोण, कधी उभे होते हे ओटे सांगत नाहीत. मग वाचायला बसलो. जे सापडले ते क्रमाने मांडतो.

(६)
पहिली गोष्ट : १८ ऑगस्ट १८६८ चे ग्रहण खरे आहे, आणि चंद्राची गडद सावली आपल्या किनाऱ्यावरून गेली हेही खरे आहे. ती अरबी समुद्रावरून आत शिरली, दख्खन ओलांडून कृष्णेच्या मुखाकडे गेली आणि पुढे सयामपर्यंत पोहोचली. विजयदुर्ग त्या पट्ट्यात होता. सकाळी नऊच्या सुमारास आकाशाने साथ दिली असती तर इथे दिवसा तारे दिसले असते. पण दिवस ऐन पावसाळ्यातला. ऑगस्टमध्ये कोकणात सूर्याचे साधे दर्शनही नशिबाचे, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

(७)
म्हणूनच मोठ्या तुकड्या सह्याद्रीच्या पलीकडे गेल्या. फ्रान्सचे पियर जान्सेन गुंटूरला होते. ब्रिटिशांची मेजर टेनंट यांची तुकडीही तिथेच होती. मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉगसन मछलीपट्टणला गेले. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेल यांचा नातू लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखंडीत दुर्बीण लावून बसला होता. या साऱ्यांच्या नोंदी उपलब्ध आहेत. त्यांत लॉकयर कुठेही नाही. कारण तो त्या दिवशी इंग्लंडात होता.

(८)
आता शोध नेमका कशाचा, ते समजून घेऊ. चुलीतल्या निखाऱ्यांवर मीठ पडले की ज्वाळा क्षणभर पिवळी होते, हे मिठागरांच्या किनाऱ्यावर वाढलेल्या कोणालाही ठाऊक आहे. तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. असा प्रकाश लोलकातून पसरवला की त्या रंगाची जागा बारीक रेषांनी ठरते. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या, जणू त्याची सही. बुन्सेन आणि किर्खहॉफ यांनी १८५९-६० मध्ये ही लिपी वाचायला शिकवले. १८६८ च्या ग्रहणात हे वर्णपटदर्शक यंत्र प्रथमच सूर्याच्या कडेवरच्या लाल ज्वाळांकडे वळवले गेले.

(९)
निरीक्षकांना त्या ज्वाळांत तेजस्वी रेषा दिसल्या. म्हणजे त्या तापलेल्या वायूच्या आहेत, हे ठरले. त्यांतली एक रेषा पिवळी होती. बहुतेकांनी ती सोडियमची मानली. पॉगसन यांना ती सोडियमच्या रेषेशी नीट जुळत नाही असे वाटले. जान्सेन यांचे मन दुसऱ्याच विचाराने झपाटले : रेषा इतक्या ठळक आहेत तर ग्रहणाची गरजच काय? दुसऱ्याच दिवशी, १९ ऑगस्टला, त्यांनी भर उन्हात सूर्याच्या कडेवर यंत्र रोखले आणि त्या ज्वाळा ग्रहणाविना पाहिल्या.

(१०)
आणि लॉकयर? इथे मी थबकलो. १८६८ मध्ये नॉर्मन लॉकयर हा व्यावसायिक शास्त्रज्ञ नव्हताच. तो लंडनमध्ये युद्धखात्यात कारकून होता. दिवसा कागद हातावेगळे करायचे आणि उरलेल्या वेळी घरच्या बागेतल्या सव्वासहा इंची दुर्बिणीतून सूर्य पाहायचा, असा त्याचा क्रम. थोडक्यात, पणजीच्या गच्चीवरच्या काकांच्या जातकुळीतला माणूस. ग्रहणाविना सौरज्वाला पाहता येतील ही कल्पना त्याच्याही मनात दोन वर्षे घोळत होती, पण त्यासाठी हवे असलेले यंत्र कारागिराकडून वेळेवर मिळत नव्हते. ते हाती आले १८६८ च्या ऑक्टोबरात. २० ऑक्टोबरला त्याने ते लावले आणि ज्वाळा दिसल्या.

(११)
जान्सेन यांचे भारतातून निघालेले पत्र आणि लॉकयरच्या निरीक्षणाची वार्ता, दोन्ही पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी, २६ ऑक्टोबरला वाचली गेली. पुढे १८७२ मध्ये फ्रेंच सरकारने दोघांच्या प्रतिमा असलेले एकच पदक पाडले. त्या पिवळ्या रेषेचा पाठपुरावा मात्र लॉकयरने केला. सोडियमच्या दोन रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरच्या, ही तिसरी ५८७.६ च्या आसपास. पृथ्वीवरच्या कोणत्याही ज्ञात पदार्थाशी ती जुळेना. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्या अज्ञात द्रव्याला 'हेलियम' म्हटले गेले.

(१२)
पुष्कळ शास्त्रज्ञांना ते पटले नाही. एका रेषेवर मूलद्रव्य उभे करायचे म्हणजे धाडसच होते. १८९५ मध्ये विल्यम रॅम्झे यांना युरेनियमयुक्त खनिजातून निघालेल्या वायूत तीच पिवळी रेषा सापडली, तेव्हा वाद मिटला. सत्तावीस वर्षे लागली. म्हणजे हेलियमचा 'शोध' हा एका सकाळी, एका तटावर, एका माणसाला झालेला साक्षात्कार नव्हता. गुंटूर, मछलीपट्टण, लंडनची एक बाग आणि शेवटी एक प्रयोगशाळा, अशा चार ठिकाणी मिळून तो घडला. त्या यादीत विजयदुर्ग नव्हता.

(१३)
हे कळले त्या रात्री मला खिन्न वाटले, हे कबूल करतो. गुरुजींचे 'आमच्या हंय' खोटे ठरले, असे वाटले. मग एक प्रश्न उरला : साहेब इथे आलाच नसेल, तर 'साहेबाचे ओटे' हे नाव आले कुठून? गाव उगाच दगडांना नाव देत नाही. म्हणून लॉकयरच्या पुढच्या आयुष्याकडे वळलो. १२ डिसेंबर १८७१ च्या खग्रास ग्रहणाला तो खरोखरच भारतात आला होता. केरळातल्या बेकल किल्ल्यावर त्याने मुक्काम टाकला होता. किनारा, समुद्र, किल्ला, साहेब : चित्र जुळत होते, जागा वेगळी होती. आणि त्यानंतर १८९८ सापडले.

(१४)
२२ जानेवारी १८९८. पुन्हा खग्रास सूर्यग्रहण, पुन्हा चंद्राची सावली आपल्या किनाऱ्यावरून आत शिरणार, आणि या वेळी महिना जानेवारीचा, आकाश निरभ्र. सर नॉर्मन लॉकयर, आता एकसष्ट वर्षांचे, 'नेचर' या नियतकालिकाचे संस्थापक-संपादक, आदल्याच वर्षी 'सर' झालेले, आपली छावणी घेऊन उतरले ते विजयदुर्गावर. इंग्रजी कागदपत्रांत या जागेचे नाव 'व्हिझियाड्रुग' असे येते. मी इतकी वर्षे १८६८ च्या कागदांत जो माणूस शोधायला हवा होता तो तिथे नव्हताच. तीस वर्षांनंतरच्या कागदांत तो आमच्याच किल्ल्यात, दुर्बिणींसह उभा होता. अशा यंत्रांना न हलणारा पाया लागतो. 'साहेबाचे ओटे' या नावाचा अर्थ मला तिथे लागला.

(१५)
या छावणीतली मला सर्वांत भावलेली गोष्ट पुढेच आहे. लॉकयर यांच्याबरोबर तज्ज्ञ मोजकेच होते. बाकीचे निरीक्षक होते 'मेल्पोमिनी' या युद्धनौकेवरचे अधिकारी आणि खलाशी. त्यांच्या टोळ्या पाडल्या गेल्या. कोणी प्रभामंडलाचे चित्र काढायचे, कोणी दिसणारे तारे मोजायचे, कोणी धावत येणारी सावली पाहायची, कोणी यंत्राच्या काचा बदलायच्या. ग्रहणाआधी रंगीत तालमी झाल्या. चित्र काढणाऱ्यांचे डोळे आधीपासून झाकून ठेवले जात, म्हणजे अंधाराला सरावलेली नजर ऐन क्षणी उघडावी आणि मंद तेजही टिपले जावे. भर दुपारी सूर्य झाकला गेला तो जेमतेम दोन मिनिटे. त्या दोन मिनिटांत विजयदुर्ग ही बहुतांशी हौशी माणसांनी चालवलेली वेधशाळा होती.

(१६)
त्या दिवशी महाराष्ट्रात सावलीच्या वाटेवर आणखीही डोळे लागले होते. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजातले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगामवाला होते. महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभारणारे हे आपले आद्य खगोलभौतिकविद. वऱ्हाडातल्या तळणीला 'ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन' या १८९० मध्ये निघालेल्या हौशी मंडळाची तुकडी होती. तिच्यातल्या अ‍ॅनी माँडर यांनी लहानशा भिंगाच्या कॅमेऱ्याने प्रभामंडलाचा इतका लांब किरण टिपला, की तोवर तसा कोणाच्याच छायाचित्रात आला नव्हता. मुंबई-पुण्यात प्लेगने माणसे मरत असण्याचा तो काळ. हेही विसरू नये.

(१७)
मग चूक झाली कशी? तरुण अभ्यासकांसाठी हा भाग महत्त्वाचा. लोकस्मृतीने जागा अचूक राखली : ओटे तेच. माणूसही अचूक राखला : साहेब तोच. निसटली ती तारीख. पुढे कोणीतरी पाठ्यपुस्तकात वाचले की लॉकयर आणि १८६८ चे ग्रहण यांचा हेलियमशी संबंध आहे. गावाने ऐकले होते की लॉकयर ग्रहण पाहायला इथे आला होता. दोन खरी वाक्ये जोडली गेली आणि तिसरे खोटे वाक्य जन्मले. त्यात कोणाचा खोटेपणा नाही. स्थानिक परंपरा ठिकाणाच्या बाबतीत बहुधा विश्वासू असते आणि सनावळीच्या बाबतीत ढिली. तिची साक्ष घ्यावी, तारीख मात्र कागदाला विचारावी.

(१८)
उरले गुरुजी. ते निवृत्त झाले आहेत, पण दर १८ ऑगस्टला, हेलियम दिनी, मुलांना घेऊन ओट्यांवर जातात. त्यांना न सांगता हा धागा लिहिणे मला जमले नसते. त्यांच्या पडवीत बसून सारे सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे चाळीस वर्सां मी पोरांका खोटा सांगी होतंय?" मी म्हणालो, "खोटा नाय, गुरुजी. तारीख चुकली." पुन्हा शांतता. काकी चहा ठेवून आत गेल्या. अखेर त्यांनी विचारले, "पण साहेब इलो होतो मा?" "इलो होतो. कागदार आसा." त्यांनी कप उचलला. "मगे ओटे खरे," ते म्हणाले. त्यांचा चेहरा मात्र लगेच निवळला नाही. चाळीस वर्षांचा हिशेब एका कपात पुरा होत नाही.

(१९)
त्यांना मी आणखी एक गोष्ट सांगितली. उतारवयात, १९१२ मध्ये, लॉकयर यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, सिडमथ गावाजवळच्या टेकडीवर नवी वेधशाळा काढली. त्यांच्या मृत्यूनंतर तिला त्यांचेच नाव मिळाले. आज ती कोण चालवते? हौशी आकाशनिरीक्षक. स्वयंसेवक ती जपतात, लोकांसाठी उघडतात, लॉकयर यांची जुनी सव्वासहा इंची दुर्बीण येणाऱ्याला दाखवतात. बागेतल्या हौशी कारकुनापासून सुरू झालेली रेघ पुन्हा हौशी माणसांपाशीच आली. आपल्याकडेही ती रेघ आहे : पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, पणजीची गच्ची होती. आमच्या मालवण-देवगडच्या किनाऱ्यावर, जिथे रात्री समुद्रावर उतरणारे तारे आजही स्पष्ट दिसतात, तिथे मात्र मुलांना दुर्बिणीला डोळा लावायचा तर अजून सहलीची वाट पाहावी लागते.

(२०)
या वर्षी २२ जानेवारीला गुरुजींचा फोन आला. "येतलंस काय? ढग नाय आज." मी माझी साठ मिलिमीटरची छोटी दुर्बीण घेऊन विजयदुर्गाला गेलो. वीसेक मुले होती. दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहायचे नसते, डोळा कायमचा जातो, हे आधी तीनदा सांगितले. मग दुर्बीण सूर्याकडे रोखून मागे पांढरा पुठ्ठा धरला. त्यावर वाटीएवढा सूर्य उमटला आणि त्यावर चार काळे डाग. एका मुलीने विचारले, "पुठ्ठ्यावरची घाण ना ती?" मी पुठ्ठा हलवला, डाग सूर्याबरोबरच राहिले. तिने स्वतःच मान डोलावली.

(२१)
गुरुजींनी मुलांना ओट्यांची कथा सांगितली. नवी. १८६८ ला पाऊस होता, साहेब तेव्हा लंडनात होता, हेलियमची रेषा त्याने घरच्या बागेतून पकडली. तो इथे आला तीस वर्षांनी, आणि त्याच्याबरोबर बोटीवरचे खलाशी शास्त्रज्ञ झाले. सांगताना एकदा जुनी तारीख त्यांच्या तोंडून निसटली. थांबून त्यांनी ती स्वतःच दुरुस्त केली. मग एका मुलाच्या हाती वही दिली आणि लिहायला लावले : दिनांक, वेळ, आकाश निरभ्र, दुर्बीण साठ मिलिमीटर, सौरडाग चार, ठिकाण साहेबाचे ओटे, विजयदुर्ग. खाली निरीक्षकांची नावे म्हणून सगळ्या मुलांनी सह्या केल्या.

(२२)
गेल्या वर्षीचा लेख मी काढून टाकलेला नाही. त्याच्या माथ्यावर दुरुस्ती लिहून या धाग्याचा दुवा दिला आहे. ज्या मुलाने पुरावा विचारला होता त्याची क्षमा मागितली आहे. पणजीच्या काकांना मात्र अजून कळवायचे राहिले आहे : कोणी पाहिला, कुठल्या दिवशी, नोंद कोणाची, ते बघून आलो. या धाग्यातही काही चुकले असेल तर खाली लिहा. या वेळी तुटक उत्तर मिळणार नाही.

धागा समाप्त.